कोपरा शाबूत असलेलं कार्ड

टपाल आमच्या घरात नेहमी माझ्याच हाती पडायचं. मी कोणी मोठी लागून गेले होते असं नाही, दिवसभर ओट्यावर बसलेली मीच असायची म्हणून. चौथी झाली आणि शाळा सुटली, तेव्हापासून चरख्यावर कांड्या भरायचं काम माझ्याकडे आलं. वीतभर लाकडी कांडीवर सूत गुंडाळायचं, मग ती लूमच्या धोट्यात बसते आणि धोटा इकडून तिकडे पळत कापड विणतो. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच शेठचा कारखाना होता. चोवीस लूम. त्यांची खटाखट भिंतीतून यायची, भांड्यातल्या पाण्यावर बारीक लाटा उठायच्या. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असायचे आणि त्या दिवशी आमच्या कानांत शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. आई म्हणायची, "शुक्रवारी मला माझाच आवाज ओळखू येत न्हाय."

मी बोलायची नाही. मुकी नव्हते, पण परका माणूस समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. मान हलवून हो, मान हलवून नाही, एवढ्यावर माझं भागायचं. पोस्टमन मला "मुनीमाई" म्हणायचा आणि टपाल माझ्या मांडीवर टाकून पुढे जायचा. आजही सुना म्हणतात, सासूबाईंना काही विचारलं तर उत्तर मानेकडे बघून घ्यायचं. त्या हसतात, मीही हसते. त्या मानेने काय केलं हे त्यांना ठाऊक नाही. नातवाच्या अर्ध्या कोऱ्या वहीत हे लिहिते आहे आणि वही कपाटात साड्यांच्या खाली ठेवते आहे.

बाबा त्या कारखान्यात मुकादम होते आणि आई लूमवरच्या माणसांची खानावळ चालवायची. दहा-बारा माणसं, दोन शिफ्टमध्ये जेवायची. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, आणि खाडीवरून कोणी आणून दिलं तर बोईट मासा. लूमवाले बहुतेक उत्तरेकडचे, काही तेलंगणाकडचे. बंगालचा एकटा निताई. तोही आपल्या बंगालचा नव्हे, फाळणीत पलीकडे गेलेल्या बंगालचा. त्याच्या गावात घरोघर हातमाग होते. चौदाव्या वर्षी तो मामाबरोबर सीमा ओलांडून कलकत्त्याला आला, मामा गेल्यावर सूत जिकडे, तिकडे आपण असं करत भिवंडीला पोचला. आई आणि धाकटी बहीण मागे गावातच राहिल्या होत्या. आमच्याकडे जेवायला लागला तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. काळा, काटक, केस कपाळावर. आईला तो "माशीमा" म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई परात आपटून म्हणाली, "मी काय माशी हाय रं?" मग त्याने हाताने समजावलं की आईची बहीण, मावशी. तेव्हापासून आई त्याच्या ताटात माशाचं डोकं वाढायला लागली. एकदा त्याने मोहरी पाट्यावर वाटून बोइटाला लावायला सांगितली. आई म्हणाली, "मोहरी फोडणीला असते. वाटून घालायला ती काय हळद हाय?" तरी तिने केलं. बाबांनी एक घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाले, "ह्याच्या गावचे लोक रडत रडत जेवतात वाटतं." निताई इतका हसला की त्याला ठसका लागला.

तो फुटबॉल खेळायचा. शिफ्ट सुटली की खाडीकडच्या मैदानात, चिखल असो की ढेकळं. आधी अनवाणीच. मग शेठने त्याचा खेळ पाहिला आणि चामड्याचे बूट आणून दिले. ते एक बोट मोठे होते, म्हणून निताई लूमखालचं वाया गेलेलं सूत गोळा करून बुटांच्या टोकात कोंबायचा. माझ्याकडूनही तुटक्या सुताची गुंडी मागून न्यायचा. "हीरा, तेरा सूता से गोल होता है," असं म्हणायचा. मी खाली बघून चरखा फिरवायची. पण त्यानंतर तुटकं सूत मी केराच्या टोपलीत टाकलं नाही, वेगळं डब्यात ठेवायला लागले.

शेठची टीम झाली. धामणकर नाक्याकडे शेठ नवा कारखाना बांधत होता, साठ लूमचा, आणि तिथला मोठा मुकादम कोण होणार यावर सगळ्यांचे डोळे होते. शेठला कप हवा होता. दर साली कल्याणची टीम कप घेऊन जायची आणि शेठच्या दुकानासमोरून वाजतगाजत ट्रक काढायची. एकदा शेठ हसत हसत बाबांना म्हणाला होता, "मुकादम, ह्या वर्षी कप आला तर नव्या शेडच्या चाव्या तुझ्या." असली हसण्यातली बोलणी गरीब माणूस विसरत नाही. बाबा निताईला सकाळची शिफ्ट द्यायला लागले, दुपारी पाय चोळायला खोबरेल द्यायला लागले. आई म्हणायची, "लेकीला न्हाय एवढं जपता त्याला."

त्याच वर्षी तिकडे निताईच्या मुलखाने पेट घेतला. वर्तमानपत्र आमच्याकडे येत नसे, पण नाक्यावरच्या रेडिओतून सगळं कळायचं. गावं जळत होती, माणसं लाखांनी सीमा ओलांडून येत होती. निताईची आई आणि बहीण निघाल्या आहेत एवढाच निरोप कोणीतरी आणला होता, पुढे पत्ता नाही. त्याने सगळ्या ओळखीच्यांना आमच्या घरचा पत्ता कळवून ठेवला. तेव्हापासून रोज दुपारी जेवायला येताना तो ओट्यापाशी थांबायचा आणि विचारायचा, "हीरा, चिट्ठी आया?" मी मान हलवायची, नाही. तो म्हणायचा, "ठीक है. कल." आणि हात धुवायला आत जायचा. असं दोन-अडीच महिने चाललं. पावसाळा सगळा असाच गेला.

आता कार्डाचं सांगायला हवं. हल्लीच्या मुलांना ते ठाऊक नाही. आमच्याकडे कोणी वारलं तर नातेवाइकांना पोस्टकार्ड लिहीत आणि कार्डाचा एक कोपरा फाडून टाकत. असं कार्ड आलं की वाचायच्या आधीच बाया रडायला लागायच्या. ते घरात न्यायचं नाही, बाहेरच उभ्याने वाचायचं, वाचून फाडायचं, आणि आंघोळ करून मग घरात यायचं. माझ्या मोठ्या आत्याचं असं कार्ड मीच हातात घेतलं होतं. कोपरा नाही हे बघून मी ते फेकूनच दिलं आणि ओरडत पळाले. तेव्हापासून प्रत्येक कार्डाचे चारही कोपरे मी आधी चाचपून बघायची, मग पत्ता वाचायची.

गौरी-गणपती उरकले होते. शुक्रवारी कल्याणच्या टीमबरोबर शेवटची मॅच होती. त्या आधीच्या सोमवारी पोस्टमनने माझ्या मांडीवर कार्ड टाकलं. मी कोपरे बघितले, चारही होते. मग उलटून पाहिलं. पत्ता इंग्रजीत, कोणा शिकलेल्या माणसाने लिहिलेला, आणि मागे बारीक अक्षरं, वर रेघ असलेली, आपल्यासारखी दिसणारी पण मला एकही न लागणारी. मी चरखा सोडून उभी राहिले. निताई आला की आज तोंडाने सांगायचं असं मी ठरवलं. "आली," एवढंच. दोन-तीन वेळा मी ते पुटपुटूनही पाहिलं.

पण आधी बाबा आले. माझ्या हातातलं कार्ड घेऊन त्यांनी उजेडात धरलं, उलटं-सुलटं केलं. त्यांनाही वाचता येत नव्हतं. आई चुलीपासून पदराला हात पुसत आली.

"निताईचं हाय ना? देवाला डोळं हायेत बाबा," ती म्हणाली.

बाबांनी कार्डाच्या कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कोपरा बघ. शाबूत हाय. म्हंजी माणसं जिती हायेत. सगळं बरं हाय."

"मंग देऊन टाका त्याला."

"आज दिलं तर आज पळंल तो. शुक्रवारी मैदानात कोण, मी उतरू?"

"अवो, त्याच्या आईची खबर हाय."

"खबर पळून जात न्हाय. मी काय फाडून टाकतोय का? चार दिवस. मॅच झाली की हीराच देईल त्याच्या हातात. कोपरा शाबूत हाय गो, वाईट असतं तर मीच पयलं दिलं असतं."

हे ते खरंच बोलत होते. माझे बाबा दुष्ट माणूस नव्हते. त्या फाडलेल्या कोपऱ्यावर त्यांचा जसा विश्वास होता तसाच न फाडलेल्यावरही होता. आई चुलीकडे वळली. बाबांनी कार्ड माझ्याकडे दिलं आणि मी ते वालाच्या डब्यात, वालाच्या खाली सरकवलं.

निताई आला. "हीरा, चिट्ठी आया?"

मी मान हलवली.

मंगळवारी हलवली. बुधवारी हलवली. त्या दिवशी आईने बिरड्यासाठी वाल काढले आणि कार्ड पुन्हा नीट खाली सरकवून ठेवलं, ते मी पाहिलं. गुरुवारी तो ओट्याच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "हीरा, तू मुँह से बोल 'नहीं', तो चिट्ठी डर के मारे आ जाएगा." आतून जेवणारी माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "अरे, इसका आवाज सुनने को तो शादी का इंतज़ार करना पड़ेगा." तोही हसला. मग म्हणाला, "ठीक है. कल." खूप वर्षं मी स्वतःला समजावत आले की मी खोटं बोलले नाही, कारण मी बोललेच नव्हते. साठी ओलांडल्यावर ही समजूत टिकत नाही.

शुक्रवारी लूम बंद होते. मुलींनी मैदानावर जायची रीत नव्हती, मी ओट्यावरच होते. त्या शांततेत खाडीकडून ओरडा यायचा, मोठा व्हायचा, विरायचा. दोन वेळा तो इतका मोठा झाला की कौलावरचे कावळे उडाले. दोन गोल, दोन्ही निताईचे. संध्याकाळी त्याला खांद्यावर घेऊन माणसं आमच्या दारात आली. तो खाडीच्या चिखलाने माखलेला होता, गळ्यात झेंडूचा हार, बूट दोरीने मानेत अडकवलेले. शेठने सगळ्यांदेखत बाबांच्या पाठीवर हात ठेवला. पेढे वाटले गेले. मीही एक घेतला आणि खाल्ला. तो गोड लागला, हेही लिहून ठेवते.

बाबांनी मला डोळ्याने खुणावलं. मी आत गेले, वालाच्या डब्यात हात घातला. कार्ड बाहेर काढलं आणि तेव्हा मला भिवंडीच्या पोस्टाचा गोल शिक्का दिसला. त्यात सोमवारची तारीख होती. अक्षरं मला बंगाली येत नव्हती, पण आकडे येत होते, आणि ते त्यालाही येत होते. मी अंगठा जिभेला लावला आणि तो शिक्का घासला, तारीख काळा डाग होईपर्यंत. हे मला बाबांनी सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं नव्हतं. मॅच होईपर्यंतचं पाप वाटून घ्यायला आम्ही तिघं होतो, हे मात्र माझ्या एकटीचं आहे.

मी बाहेर येऊन कार्ड पुढे केलं. तो ओरडला, "आया! हीरा, आया!" आणि हार तसाच गळ्यात ठेवून वाचायला लागला. वाचता वाचता खाली बसला. मग त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "माशीमा, माँ कैंप में है. बीमार है. बहुत बीमार. बोलता है, एक बार मुँह दिखा." कार्ड छावणीतल्या कोणा कंपाउंडरने लिहून दिलं होतं. बहिणीचं त्यात नाव नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो निघाला. आईने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून दिली. बाबा त्याला कल्याणच्या गाडीपर्यंत सोडायला गेले आणि परत आल्यावर न जेवता झोपले. बूट तो ओट्यावरच विसरून गेला. मी ते धुतले. टोकातून माझं सूत निघालं, चिखलात भिजून दगडासारखं झालेलं.

दिवाळीनंतर बाबांना नव्या शेडच्या चाव्या मिळाल्या. मला नवं परकर-पोलकं आलं. मग लढाई सुरू झाली, आपलीही. दिव्यांना काळे कागद लावले, भोंगा झाला की चूल झाकायची. कोणीतरी नाक्यावर म्हणालं, "तुमचा तो खेळणारा तिकडचाच ना? कुठे गेला नेमका?" बाबा त्याच्या अंगावर धावून गेले. पण निताई कुठे होता ते बाबांनाही ठाऊक नव्हतं.

तो आला पुढच्या वर्षी, उन्हाळ्यात. मी ओट्यावर कांड्या भरत होते. काठीचा आवाज आला म्हणून वर पाहिलं. दाढी वाढलेली, खाकी शर्ट, आणि उजवा पाय घोट्याखाली नव्हता, तिथे कातड्याची पिशवी बांधलेली. तो माझ्यासमोर थांबला आणि हसून म्हणाला, "हीरा, चिट्ठी आया?"

मी मान हलवली. नाही.

आईने मोहरी वाटली. कोणी सांगितलं नव्हतं तरी वाटली. बाबा त्याच्यासमोर पाट घेऊन बसले. जेवता जेवता त्याने सगळं सांगितलं, सावकाश, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. छावणीत पोचला तेव्हा पाऊस होता. कंपाउंडरने त्याला ओळखलं, कारण आई बेशुद्धीतही सांगत होती की माझा मुलगा येईल, त्याच्या कपाळावर केस असतात. "तीन दिन," तो म्हणाला. "तीन दिन पहले गई. पूछती रही." बहीण वाटेतच हरवली होती. छावणीच्या मागे तरुण पोरांना गोळा करून बंदुका शिकवत होते. त्याला विचारलं, पळता येतं का? तो म्हणाला, मी तेवढंच करतो. अडीच-तीन महिने तो रात्रीची नदी ओलांडून पूल उडवायला जायचा, टोळीत सगळ्यात पुढे पळणारा म्हणून. लढाई संपायला चार दिवस असताना शेताच्या बांधावर पाय पडला आणि खालून सुरुंग फुटला. "गोल मारने वाला पैर गया, माशीमा," तो म्हणाला, "अच्छा हुआ, दूसरा तो सिर्फ खड़ा रहने के काम का था, वो बचा." कोणीच हसलं नाही. तोच थोडा हसला.

तीन दिवस. चौथीपर्यंतचं गणित मला येत होतं. चारातून तीन गेले की एक उरतो. कार्ड सोमवारी दिलं असतं तर एक दिवस आधी पोचला असता. ती शुद्धीवर नसती कदाचित, पण कपाळावरचे केस तिच्या हाताला लागले असते.

हात धुऊन तो ओट्यावर आला आणि खिशातून ते कार्ड काढलं. लढाईभर जवळ ठेवलं होतं, मेणकागदात. चारही कोपरे झिजून गोल झाले होते. त्याने त्या काळ्या डागावरून अंगठा फिरवला, अगदी मी फिरवला होता तसा, आणि म्हणाला, "बारिश में भीग गया था न? फिर भी तूने सँभाल के दिया." बाबा दारात उभे होते, त्यांनी मान फिरवली. मी मात्र माझी खालीवर हलवली. हो, पाऊस. त्या सबंध आठवड्यात पाऊस नव्हता. ओट्यावर सूत वाळत घातलं होतं, आणि ते बाजूला सारून गुरुवारी तो स्वतः तिथे येऊन बसला होता. त्याला ते आठवत होतं की नाही, हे मी पन्नास वर्षं शोधते आहे. त्याने कार्ड परत मेणकागदात गुंडाळलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला, आपल्या नव्या देशात. आईने धुतलेले बूट पुढे केले, तर म्हणाला, "किसी दो पैर वाले को दे दो."

बाबा वारले तेव्हा माझं लग्न होऊन मी खारबावला सासरी होते; निरोप आला तशी माहेरी आले. काकांनी नातेवाइकांना कार्डं लिहिली आणि मला म्हणाले, "पोरी, कोपरे फाड." पस्तीस-चाळीस कार्डं होती. मी एकेक फाडत गेले, आणि त्या तिकोनी तुकड्यांचा ढीग मांडीवर साचला, जिथे पोस्टमन टपाल टाकायचा तिथेच. तेव्हा मला कळलं की आम्ही तिघांनी ते कार्ड उलटं वाचलं होतं. फाडलेल्या कार्डाला कसलीच घाई नसते, माणूस गेलेलं असतं. घाई असते ती कोपरा शाबूत असलेल्याला. मी तिथेच रडायला लागले आणि सगळ्या बायांना वाटलं, बापासाठी रडते आहे. तसंही होतंच.

आता कार्डं येत नाहीत. निताई असेल तर ऐंशीच्या आसपास असेल, पत्ता माझ्याकडे नाही, आणि असता तरी मला त्याची अक्षरं येत नाहीत. पण दुपारी दार उघडं असलं आणि रस्त्यावर काठीचा आवाज आला की अजून माझी मान आपोआप हलायला बघते. मी ती हाताने धरते आणि तोंडाने म्हणते, घरात कोणी नसलं तर मोठ्याने म्हणते: आली, निताईदादा. सोमवारीच आली.